पाणी द्यायचं की थांबवायचं?



आज पत्रापासूनच सुरुवात करू या. सेनगाव तालुक्यातली, सातवीत शिकणारी एक मैत्रीण लिहिते, “पहिला मोठा पाऊस झाला, की आमच्या गावात घरोघरी हगवण लागते. गेल्या पावसाळ्यात माझ्या धाकट्या भावाला सकाळपासून जुलाब होत होते. आजी म्हणाली, ‘त्याला पाणी देऊ नका. दिलं की आणखी होतंय.’ संध्याकाळी तो उठून बसेना. मग त्याला हिंगोलीला नेलं आणि सलाईन लावलं. तिथले डॉक्टर म्हणाले, ‘अहो, पाणी का नाही पाजलं?’ मला कळत नाही, आजीचं खरं की डॉक्टरांचं? आजी तर खोटं बोलत नाही!”

आजी खोटं बोलत नाही, हे अगदी कबूल. तिनं जे डोळ्यांनी पाहिलं, तेच सांगितलं. आणि तरीही डॉक्टरांचं म्हणणंच बरोबर आहे. आता ही दोन्ही खरी कशी असतील? हे कोडं सुटायला फार वर्षं लागली, आणि ते सोडवण्यात मोठा वाटा आपल्याच देशातल्या माणसांचा आहे. चला, सुरुवातीपासून पाहू.

पोटात शिरतं कोण?

आपल्या आतड्यात जिवाणू असतातच, बरं का! एकदोन नव्हे, अब्जावधी. ते बिचारे तिथे निमूटपणे राहतात, अन्न पचवायला मदतही करतात. भांडण लागतं ते बाहेरून आलेल्या काही गुंडांशी. हे गुंड येतात तोंडावाटे, आणि जातात विष्ठेवाटे. एका माणसाच्या पोटातून दुसऱ्या माणसाच्या तोंडापर्यंत पोचायचं, एवढाच त्यांचा प्रवास. वाहन म्हणून त्यांना पाणी चालतं, माशी चालते, न धुतलेला हात चालतो, उघड्यावरचा बर्फाचा गोळाही चालतो.

पावसाळ्यात त्यांची चंगळ का होते, ते तुमच्या लक्षात आलंच असेल. उघड्यावर बसलेल्यांची घाण, शेणखताचे ढीग, गटारं हे सगळं पहिल्या पावसानं धुऊन निघतं. ते पाणी ओढ्यानाल्यांत जातं, कयाधूत जातं, कठडा नसलेल्या विहिरीत उतरतं, फुटलेल्या पाइपातून नळातही शिरतं. हातपंपाच्या ओट्याला भेग असेल, तर तिथूनही झिरपतं. म्हणून ‘आमचं बोअरचं पाणी आहे, त्याला काय होतंय?’ असं म्हणून निर्धास्त राहू नये.

या गुंडांच्या तीन तऱ्हा लक्षात ठेवा.

पहिली तऱ्हा पटकीच्या जंतूची. पटकी म्हणजे कॉलरा. हा जंतू सूक्ष्मदर्शकाखाली स्वल्पविरामासारखा वाकडा दिसतो. तो आतड्याच्या भिंतीला भोक पाडत नाही की शरीरात घुसत नाही. भिंतीवर बसून तो एक विष सोडतो आणि त्या विषानं आतड्यातला जणू नळच उघडा राहतो. शरीरातलं पाणी आणि मीठ भसाभसा आतड्यात उतरतं आणि तांदळाच्या धुवणासारखे पातळ जुलाब होतात. जोराची पटकी झालेल्या मोठ्या माणसाच्या अंगातून तासाला एक लिटरपर्यंतही पाणी जाऊ शकतं. मग लहान मुलाची काय कथा!

दुसरी तऱ्हा शिगेला या जंतूची. हा आतड्याच्या अस्तरात शिरून तिथे जखमा करतो. म्हणून पोटात मुरडा येतो, ताप येतो, आणि शौचातून आव नि रक्त पडतं. हा महाबिलंदर आहे. शंभराच्या आतले जंतू पोटात गेले तरी त्याला पुरतं! नखाखालच्या मळात एवढे सहज मावतात. (आव अमिबामुळेही पडते. पण अमिबा हा जिवाणू नव्हे, आणि त्याचं औषधही वेगळं.)

तिसरी तऱ्हा टायफॉइडच्या जंतूची. टायफॉइडला आपल्याकडे विषमज्वर किंवा मुदतीचा ताप म्हणतात. हा जंतू आतड्याची भिंत ओलांडून थेट रक्तात जातो. ताप जिना चढल्यासारखा रोज थोडा थोडा वाढतो, डोकं दुखतं, जेवण नकोसं होतं. गंमत म्हणजे यात जुलाब होतीलच असं नाही, कधी कधी उलट पोट साफच होत नाही. म्हणून पुष्कळांना हा पोटाचा आजार वाटतच नाही.

आणखीही भाऊबंद आहेत. ई. कोलायच्या काही जाती आहेत, कॅम्पिलोबॅक्टर आहे. शिवाय लहान बाळांना होणारे पुष्कळसे जुलाब जिवाणूंमुळे नव्हे, तर रोटासारख्या विषाणूंमुळे होतात. हा फरक ध्यानात ठेवा, पुढे गोळ्यांचा विषय निघेल तेव्हा तो लागणार आहे.

मरीआईपासून महालनबीसांपर्यंत

तुमच्या गावाच्या शिवेवर मरीआईचं ठाणं आहे का? मराठवाड्यात कितीतरी गावांना असतं. पूर्वी पटकीची साथ आली, की गावंच्या गावं ओस पडत. कारण कुणाला ठाऊक नव्हतं, उपाय ठाऊक नव्हता. मग घाबरलेली माणसं मरीआईला शरण जात. १९ व्या शतकात पंढरपूरच्या यात्रेत साथ उद्‌भवली, तर वारकरी घरी परतताना ती वाटेवरच्या गावांत पसरे. आपल्या जिल्ह्यातल्या नर्सीचे संत नामदेव ज्या विठोबासाठी वेडे झाले, त्याच विठोबाच्या वाटेवर हे संकट उभं असे. आज वारीत टँकरचं शुद्ध केलेलं पाणी आणि आरोग्य पथकं असतात, त्यामागे असल्या अनुभवांचं शहाणपण आहे.

जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख पटकीचा शोध घेत भारतात आला. १८८४ साली कोलकात्यात त्यानं रोग्यांच्या आतड्यांत तो स्वल्पविराम पकडला. इतकंच नव्हे, लोक ज्या तळ्याचं पाणी पीत होते, त्यातही त्याला तो सापडला. चोर सापडला, पण तो चोरी कशी करतो हे कळायला पुढे ७५ वर्षं गेली. १९५९ साली कोलकात्याच्याच डॉ. शंभुनाथ डे यांनी सशाच्या आतड्यावर प्रयोग करून दाखवून दिलं, की जंतू गाळून काढला, तरी त्यानं सोडलेलं विष एकटंच आतड्यात पाणी भरतं. म्हणजे माणूस मरतो तो अंगातलं पाणी आणि मीठ संपल्यामुळे! केवढा मोठा शोध हा. पण डॉ. डे यांच्या हयातीत त्याचा फारसा गाजावाजा झाला नाही.

मग पाणी पाजलं की झालं, नाही का? नुसतं पाणी पाजूनही रोग्याची तहान भागेना. आणि इथेच आजीचं निरीक्षण बरोबर ठरतं. आतड्यातला नळ उघडा असताना नुसतं पाणी दिलं, तर त्यातलं फारच थोडं अंगी लागतं, बाकीचं वाहून जातं. बघणाऱ्याला वाटतं, ‘पाणी दिलं म्हणून आणखी जुलाब झाले.’

पण आतड्याला आणखी एक दार असतं. त्या दाराचा नियम लंगडीच्या नव्हे, फुगडीच्या खेळासारखा असतो. म्हणजे जोडी लागते! मिठातलं सोडियम आणि साखरेतलं ग्लुकोज हातात हात घालून आले, तरच हे दार उघडतं. आणि ती दोघं आत गेली, की त्यांच्यामागोमाग पाणीही आत शिरतं. १९६० साली रॉबर्ट क्रेन या शास्त्रज्ञानं ही जोडी ओळखली. विशेष म्हणजे पटकीचं विष या दाराला हात लावत नाही. एक नळ गळत असला, तरी दुसऱ्या दारानं घर भरता येतं. फक्त मीठ-साखरेची जोडी हवी.

याची खरी परीक्षा झाली १९७१ साली. बांगलादेशच्या मुक्तियुद्धात लाखो माणसं सीमा ओलांडून भारतात आली. पश्चिम बंगालमधल्या बनगाव इथे पटकीनं कहर केला. रुग्णालयात खाटा पुरेनात, रोगी जमिनीवर पडलेले, शिरेतून द्यायच्या सलाईनच्या बाटल्या संपत आलेल्या. तिथल्या पथकाचे प्रमुख होते डॉ. दिलीप महालनबीस. त्यांनी ठरवलं, आता तोंडावाटेच द्यायचं. २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा असं एका लिटरचं माप ठरलं. त्याच्या पुड्या बांधल्या. पिंपात पाणी भरून पुड्या विरघळवल्या आणि रोग्यांच्या आया, बहिणी, भाऊ यांच्याच हाती पेले दिले. ‘पाजत राहा!’ आधी शंभरात तीस रोगी दगावत होते. हे पाणी सुरू झाल्यावर ते प्रमाण चाराच्याही खाली आलं.

तेच आजचं ओआरएस, म्हणजे क्षारसंजीवनी. २०२२ साली डॉ. महालनबीस वारले आणि २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झालं. त्यांनी यंत्र बनवलं नाही की नवी गोळी शोधली नाही. पेला घरच्या माणसांच्या हातात दिला, एवढंच केलं.

तेव्हा आमच्या मैत्रिणीनं आजीला जाऊन सांगावं, “आजी, तू पाहिलंस ते खरं. पण पाणी थांबवायचं नाही, पाण्याला जोडीदार द्यायचे!” आणि हो, आजीला एक विचारा. तिच्या लहानपणी जुलाब झाले, की तांदळाची मीठ घातलेली पेज देत होते का? पुष्कळ घरांत देत असत. पेजेतला पिष्टमय भाग पोटात गेल्यावर त्याचं ग्लुकोजच होतं. म्हणजे जुन्या बायकांच्या हातात अर्धं उत्तर होतंच!

हे पाणी घरी कसं करायचं?

आशाताई, अंगणवाडी किंवा उपकेंद्रात ओआरएसची पुडी मिळते. ती आणलेली असली तर उत्तम. पुडीवर किती पाणी घ्यायचं ते लिहिलेलं असतं. मोठी पुडी एक लिटरची असते, लहान पुडी पेलाभर पाण्याची. एक लिटरची पुडी पेलाभर पाण्यात ढवळली तर ते पाणी घातक होतं, आणि अर्धीच पुडी लिटरभर पाण्यात टाकली तर उपयोग होत नाही.

पुडी नसेल तर असं करा:

उकळून गार केलेलं एक लिटर पाणी घ्या. त्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चहाचा चमचा मीठ घालून ढवळा. सपाट म्हणजे सपाट, शीग लावायची नाही. चव घेऊन पाहा. डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा खारट लागलं, तर ते टाकून पुन्हा करा. आणि ‘गोड झालं तर पोरगं आवडीनं पिईल’ म्हणून जास्त साखर घालू नका. जास्त साखर उलट आतड्यात पाणी ओढून घेते.

दर जुलाबानंतर दोन वर्षांच्या आतल्या बाळाला पाव ते अर्धा कप, त्याहून मोठ्या मुलाला अर्धा ते एक कप, आणि तुमच्यासारख्यांना हवं तेवढं. चमच्याचमच्यानं, घोटाघोटानं द्यायचं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबायचं आणि पुन्हा, जरा आणखी सावकाश. केलेलं पाणी झाकून ठेवायचं आणि २४ तासांनंतर उरलेलं ओतून द्यायचं.

दुकानात चित्रांच्या डब्यांतून गोड पेयं मिळतात, ती म्हणजे ओआरएस नव्हेत. अशा पेयांच्या नावात ‘ओआरएस’ हा शब्द वापरायला देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणानं २०२५ साली मनाई केली, ती याचसाठी. घेताना घटक वाचा.

आणि जेवण? तेही थांबवायचं नाही. मऊ भात, वरण, खिचडी, ताक, केळं जे जाईल ते द्यायचं. अंगावरच्या बाळाचं दूध तर मुळीच तोडायचं नाही. पाच वर्षांच्या आतल्या मुलांना ओआरएसबरोबर झिंकच्या गोळ्या १४ दिवस देतात. जुलाब दोन दिवसांत थांबले, तरी १४ दिवस. वयाप्रमाणे किती, ते आशाताई किंवा डॉक्टर सांगतील.

ही चिन्हं दिसली, तर निघायचं!

हा भाग आई-बाबांना मोठ्यानं वाचून दाखवा. पुढच्यापैकी एक जरी गोष्ट दिसली, तर घरी उपाय करत बसायचं नाही, दवाखाना गाठायचा:

– मूल पेंगुळलंय, हाक मारली तरी नीट बघत नाही.
– डोळे खोल गेलेत, रडताना पाणी येत नाही, जीभ कोरडी पडली आहे.
– पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली, तर लगेच सपाट होत नाही, सावकाश मागे जाते.
– सहा तासांत लघवी झालेली नाही.
– काही पाजलं तरी उलटून पडतंय, किंवा मूल पिऊच शकत नाही.
– शौचात रक्त आहे, किंवा जोराचा ताप आहे.
– ताप तीन दिवसांहून जास्त टिकलाय, मग जुलाब असोत वा नसोत.

गाडीची सोय नसेल, तर १०८ क्रमांकाला फोन करायचा. आणि वाटेतही पेला सोडायचा नाही. औंढ्याहून किंवा कळमनुरीहून हिंगोलीपर्यंतचा वेळ पाणी पाजण्यातच घालवायचा.

डॉक्टर चोर कसा ओळखतात?

बहुतेक जुलाबांत डॉक्टर आधी जंतू शोधत बसत नाहीत, अंगातलं पाणी किती गेलंय ते पाहतात, कारण तेच तातडीचं असतं. पण रक्त पडत असेल, गावात साथ असेल किंवा ताप उतरत नसेल, तर तपासणी लागते.

शौचाचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, की अमिबा आहे का, पू-रक्त आहे का, हे समजतं. जिवाणू नक्की ओळखायचा, तर त्याला वाढवावं लागतं. काचेच्या थाळीत अगार नावाचा, समुद्री शेवाळापासून केलेला घट्ट रस असतो. ते जंतूंचं शेतच म्हणा ना! त्यात नमुना पेरायचा, थाळी उबेत ठेवायची. एकदोन दिवसांत जंतूंचे ठिपके उगवतात. मग औषधात भिजवलेल्या कागदाच्या टिकल्या त्या शेतावर ठेवतात. ज्या टिकलीभोवती पीक उगवत नाही, मोकळं वर्तुळ राहतं, ते औषध या जंतूला लागू! जिथे टिकलीला चिकटून पीक आलं, ते औषध वाया. याला कल्चर आणि सेन्सिटिव्हिटी म्हणतात.

टायफॉइडमध्ये हे शेत रक्ताचं लावायचं असतं, आणि तेही पहिल्या आठवड्यात, औषधं सुरू होण्याआधी. पुष्कळ ठिकाणी नुसती विडाल तपासणी करून ‘टायफॉइड आहे’ असं सांगून टाकतात. ही तपासणी १८९६ सालची. ती जंतू पकडत नाही, जंतूविरुद्ध शरीरानं बनवलेल्या प्रतिद्रव्यांची खूण बघते. पूर्वी कधी संसर्ग होऊन गेला असेल, तरीही खूण सापडू शकते. म्हणून एकट्या विडालवर भरवसा ठेवू नये, ‘ब्लड कल्चर करता येईल का?’ असं आई-बाबांनी विचारायला हरकत नाही.

२०२४ साली हिंगोलीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालंय. तुमच्यापैकी कुणीतरी उद्या तिथेच ही शेतं पेरत बसेल, सांगता येत नाही!

गोळी कधी, सलाईन कधी?

मघाचा विषाणूंचा मुद्दा आठवतोय? प्रतिजैविक गोळ्या, म्हणजे अँटिबायोटिक, विषाणूंवर चालतच नाहीत. आणि साधे जुलाब ओआरएसवर काही दिवसांत आपोआप थांबतात. गोळ्या लागतात त्या टायफॉइडला, रक्ताच्या हगवणीला आणि जोराच्या पटकीला. त्याही डॉक्टरांनी सांगितलेल्या, सांगितले तितके दिवस. ताप उतरला म्हणून चार गोळ्या उरवून डब्यात ठेवल्या, तर अंगात राहिलेले चिवट जंतू पुन्हा डोकं वर काढतात. सिप्रोफ्लॉक्सासिन ही एके काळी टायफॉइडवरची हमखास गोळी होती. आज भारतातले बहुतेक टायफॉइडचे जंतू तिला दाद देत नाहीत. मेडिकलच्या दुकानातून ‘जुलाबाची गोळी द्या’ म्हणून वर्षानुवर्षं उचलून आणल्याचा हा परिणाम आहे. जुलाब एकदम बंद करणाऱ्या गोळ्या तर लहान मुलांना द्यायच्याच नसतात.

सलाईनचंही तसंच. ‘एक बाटली लावा, ताकद येईल,’ असा आग्रह पुष्कळ जण धरतात. सलाईनमध्ये मुख्यतः मीठ-पाणीच असतं. मूल पिऊ शकत असेल, तर पेल्यातून जे मिळतं तेच त्यात आहे. पण मूल गळून गेलं असेल, पिऊ शकत नसेल, तर मात्र सलाईनच जीव वाचवतं. आमच्या मैत्रिणीच्या भावाला ते लावलं, ते योग्यच झालं. सकाळपासून पेला चालू राहिला असता, तर कदाचित ती पाळी आली नसती.

नांदेडचं नव्हे, पुण्याचं नांदेड!

तुम्हाला वाटेल, हे सगळं खेड्यातलं. तर ऐका. आपल्या शेजारच्या नांदेडचं नव्हे, पुण्याच्या सिंहगड रस्त्याजवळ एक नांदेड गाव आहे, तिथली गोष्ट. २०२५ च्या जानेवारीत त्या परिसरात माणसांचे हातपाय एकाएकी लुळे पडू लागले. आजार होता गियाँ-बारे, म्हणजे जीबीएस. पुणे भागात मिळून दोनशेहून जास्त रुग्ण सापडले, काहींचा मृत्यूही झाला. त्यांच्यापैकी कित्येकांना आधी जुलाब झाले होते आणि काही जणांच्या नमुन्यात कॅम्पिलोबॅक्टर जंतू मिळाला. या जंतूचा बुरखा आपल्या मज्जातंतूंच्या आवरणासारखाच दिसतो. त्याच्याशी लढणारी शरीराची फौज कधी कधी फसते आणि आपल्याच मज्जातंतूंवर तुटून पडते. असं फार क्वचित होतं, घाबरायचं कारण नाही. पण दूषित पाण्याचा संशय तिथेही आला आणि विहिरी, टँकर, टाक्या सगळं तपासावं लागलं. इमारत उंच असली, म्हणून पाणी शुद्ध असतं असं नाही.

वाट अडवा, गणित करा

गावच्या विहिरीत ब्लिचिंग पावडर टाकतात, तिलाच टीसीएल म्हणतात. किती टाकायची? हे तर तुमच्या पुस्तकातलं वृत्तचितीचं गणित! समजा, विहिरीचा व्यास ४ मीटर आणि पाणी ३ मीटर खोल आहे. त्रिज्या २ मीटर. ३.१४ × २ × २ × ३ = ३७.६८ घनमीटर, म्हणजे ३७,६८० लिटर पाणी. चांगल्या प्रतीची पावडर १००० लिटरला साधारण अडीच ग्रॅम लागते. म्हणजे सुमारे ९४ ग्रॅम. पाणी गढूळ असेल किंवा पावडर जुनी असेल, तर जास्त लागते. पावडरचं पोतं उघडं राहिलं, तर तिच्यातला क्लोरीन उडून जातो. पावडर आधी बादलीत कालवतात, चुना खाली बसला की वरचं निवळ पाणी विहिरीत सोडतात, आणि तासभर कुणी पाणी भरायचं नाही.

हे काम जलसुरक्षकाचं, तुम्ही पावडरला हात लावू नका. पण त्यांच्याबरोबर उभं राहून ‘ओटी टेस्ट’ मात्र जरूर पाहा. नळाच्या पाण्यात थेंब टाकले आणि पाणी पिवळसर झालं, तर क्लोरीन शिल्लक आहे. रंग आलाच नाही, तर पावडर पोचलीच नाही. आपल्या राज्यात पाण्याच्या पाहणीनुसार ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. लाल म्हणजे धोका. तुमच्या गावाचं कुठलं?

घरातल्या गोष्टी तर तुमच्या हातातल्याच. तुरटीनं पाणी निवळतं, पण जंतू मरतीलच असं नाही, म्हणून खळखळून उकळी हवी किंवा आशाताईंनी दिलेलं मेडिक्लोर. माठात पेला बुडवायचा नाही, लांब दांड्याचं ओगराळं वापरायचं. शौचाहून आल्यावर, बाळाचं धुतल्यावर आणि जेवणाआधी साबणानं हात धुवायचे. न्यूयॉर्कमध्ये मेरी मॅलन नावाची एक स्वयंपाकीण होती. १९०७ साली कळलं, की तिच्या पोटात टायफॉइडचे जंतू मुक्कामाला आहेत. तिला स्वतःला कधी काही झालं नाही, पण तिच्या हातचं खाऊन पुष्कळ जण आजारी पडले. ठणठणीत दिसणाऱ्या माणसाच्या हातावरही जंतू असू शकतात, ते असे.

टायफॉइडवर लसही आहे. २०१८ साली नवी मुंबई महापालिकेनं एक लाखाहून जास्त मुलांना ती टोचली. सरकारी मोहिमेतून ही नवी लस देणारं ते जगातलं पहिलं ठिकाण. आपल्याला घ्यायची का, ते डॉक्टरांना विचारता येईल.

या आठवड्याचं काम

घरात एक लिटरची बाटली शोधा. आजीला शेजारी बसवा. सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ घालून पाणी करा आणि आजीलाच चव घ्यायला सांगा. माप तिच्या तोंडी बसलं, की घरातल्या सगळ्यांच्या तोंडी बसलंच म्हणून समजा! मग विहिरीचा व्यास मोठ्या माणसाबरोबर जाऊन मोजा आणि गणित आम्हाला लिहून पाठवा. आपल्या गावच्या कार्डाचा रंगही कळवा.

भेटू या, पुढच्या आठवड्यात!